संकलित आज्ञावलींचे प्रकार ओळखण्याची पद्धत : नाव, चिन्हांक आणि अंतरंग

प्रस्तावना :

विद्यार्थ्यांचे प्रकल्प, परीक्षाविषयक परिपत्रके, अध्यापनाची साधने अशा असंख्य फाइल ई-मेल, पेन ड्राइव्ह किंवा भ्रमणध्वनीद्वारे प्राध्यापकांच्या संगणकापर्यंत पोहोचतात. त्यांपैकी कोणती फाइल केवळ वाचावयाची आहे आणि कोणती उघडताच स्वतः कार्य करू लागणार आहे, हे बहुधा तिच्या नावावरूनच ठरविले जाते. हा आधार अपुरा आहे. विंडोजच्या मूळ मांडणीत परिचित फाइलींचे विस्तारनाम लपविलेले असते. त्यामुळे ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर ‘निकाल.पीडीएफ’ अशीच दिसते. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाने अँड्रॉइडची एपीके फाइल पाठवून होणाऱ्या फसवणुकीविषयी हिमाचल प्रदेश पोलिसांनी नागरिकांना सावध केले होते. म्हणूनच फाइल न चालविता तिचा प्रकार कसा ओळखता येतो, हे समजून घेणे संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांसाठीही अगत्याचे आहे.

चिन्हांकाची संकल्पना :

प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ संकेताचे, म्हणजे सोर्स कोडचे, संकलकाद्वारे यंत्राला समजणाऱ्या बाइटमालिकेत रूपांतर होते. या मालिकेच्या आरंभी बहुधा ठरावीक बाइट असतात. त्यांना ‘मॅजिक नंबर’ किंवा चिन्हांक म्हणतात. हे बाइट षोडशमान पद्धतीने लिहिले जातात. या पद्धतीत दहा ते पंधरा या संख्यांसाठी ए ते एफ ही अक्षरे वापरतात. १९७३ मधील युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत फाइलचा प्रकार सांगणारी ‘फाइल’ ही आज्ञा उपलब्ध होती. आजही लिनक्समध्ये त्याच नावाची आज्ञा मुख्यतः चिन्हांकांच्या आधारे काम करते.

प्रमुख प्रकार :

१) लिनक्स : येथील ‘ईएलएफ’ फाइलचा आरंभ ७एफ-४५-४सी-४६ या चार बाइटांनी होतो. पाचवा बाइट १ असल्यास ती ३२ बिटांची आणि २ असल्यास ६४ बिटांची असते. पुढील एका क्षेत्रात प्रोसेसरचा क्रमांक असतो. ६२ म्हणजे इंटेल-एएमडीची ६४ बिटांची रचना, तर १८३ म्हणजे ६४ बिटांची एआरएम रचना.

२) विंडोज : येथील फाइल ‘एमझेड’ या अक्षरांनी सुरू होते. ही एमएस-डॉसच्या विकासात सहभागी असलेल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे होत. तथापि एवढ्यावर थांबता येत नाही. आरंभापासून ६० बाइट सोडून पुढे लिहिलेली संख्या ‘पीई’ हे दुसरे चिन्ह कोठे आहे ते दर्शविते. ते सापडल्यावरच फाइल आधुनिक विंडोजची असल्याचे मानता येते. त्यानंतरच्या शीर्षकातील एका बिटावरून ती स्वतंत्र प्रोग्रॅम आहे की डीएलएल, हे कळते.

३) जावा : संकलित जावा वर्गाचा आरंभ सीए-एफई-बीए-बीई या बाइटांनी होतो. त्यापाठोपाठ आवृत्तीचे क्रमांक येतात. मुख्य क्रमांक ५२ म्हणजे जावा ८ आणि ६१ म्हणजे जावा १७.

एकच चिन्हांक, अनेक प्रकार :

ओळखीची खरी कसोटी येथे लागते. ॲपलच्या संगणकांवरील ‘युनिव्हर्सल’ फाइल, जिच्यात एकाहून अधिक प्रोसेसरांसाठीचा संकेत एकत्र असतो, तिचाही चिन्हांक सीए-एफई-बीए-बीई हाच आहे. त्या वेळी पुढील चार बाइटांतील संख्या पाहावी लागते. ॲपलच्या फाइलीत ती प्रोसेसर-रचनांची संख्या असल्याने दोन-तीन इतकी लहान असते; जावामध्ये तेथे आवृत्ती असल्याने ती ४५ किंवा त्याहून अधिक असते.

पॅकेजांच्या बाबतीतही असेच घडते. डेबियनचे पॅकेज आणि लिनक्सवरील स्थिर लायब्ररी या दोहोंचा आरंभ समान असतो. आतील पहिल्या घटकाचे नाव ‘डेबियन-बायनरी’ असल्यास ते पॅकेज होय. जावाचे जार, अँड्रॉइडचे एपीके आणि वर्डचे डॉक्सएक्स या तिन्ही वस्तुतः झिप फाइलीच असून त्यांचा आरंभ सामान्यतः ५०-४बी-०३-०४ असा असतो. यांतील पहिल्या दोन प्रकारांत चालणारा संकेत असतो, तर तिसरा दस्तऐवज आहे. हा भेद केवळ आतील सूचीवरून कळतो. एपीकेमध्ये अँड्रॉइडची जाहीरपत्र-फाइल असते, जारमध्ये बहुधा जावाची, तर डॉक्सएक्समध्ये घटकप्रकारांची यादी.

ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा क्रम :

असा प्रोग्रॅम पायथॉनसारख्या भाषेत थोड्या ओळींत लिहिता येतो. तो फाइल चालवीत नाही, केवळ बाइट वाचतो. प्रथम आरंभीचा चिन्हांक, नंतर दुय्यम चिन्ह आणि शेवटी आतील सूची असा तपासणीचा क्रम असावा. त्यात दोन दक्षता आवश्यक आहेत. अनेक एपीके फाइलींत जावाचे जाहीरपत्रही आढळते. म्हणून अँड्रॉइडची चाचणी आधी घ्यावी, अन्यथा एपीकेला जार समजले जाईल. तसेच फाइलमध्ये लिहिलेल्या कोणत्याही स्थानांकावर विसंबण्यापूर्वी तो फाइलच्या लांबीच्या आत आहे की नाही, हे तपासावे. कारण हेतुपुरस्सर बिघडविलेली फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाच अडचणीत आणू शकते.

मर्यादा :

झिपची मुख्य सूची फाइलच्या शेवटी असते. त्यामुळे आरंभी विंडोजचा प्रोग्रॅम आणि शेवटी झिप अशी दुहेरी फाइल शक्य होते; स्वतः उलगडणारी झिप याच तत्त्वावर चालते. अशा फाइलला एकच प्रकार चिकटविणे दिशाभूल करणारे ठरते. याहून महत्त्वाची मर्यादा अशी की, प्रकार कळणे म्हणजे विश्वासार्हता कळणे नव्हे. निर्दोष रचनेची ईएलएफ फाइलही घातक असू शकते. फाइल मूळ स्वरूपातच आहे ना, यासाठी प्रकाशकाने दिलेल्या एसएचए-२५६ मूल्याशी तुलना करावी लागते. ती कोणाकडून आली, यासाठी डिजिटल स्वाक्षरी पडताळावी लागते.

समारोप :

विस्तारनाम हा पाठविणाऱ्याचा दावा असतो, तर बाइट हा पुरावा असतो. दावा आणि पुरावा यांत तफावत आढळल्यास फाइल न उघडणे हेच श्रेयस्कर. निकाल म्हणून आलेली फाइल ‘एमझेड’ने सुरू होत असेल, तर ती निकाल नसून प्रोग्रॅम असण्याचीच शक्यता मोठी आहे. हस्तलिखिताचे मुखपृष्ठ पाहून त्याचा काळ न ठरविणाऱ्या अभ्यासकाला हा विवेक नवा नाही. तोच संगणकावरील फाइललाही लावणे आवश्यक आहे.