काटकसरी दिव्याखालचा अंधार

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावाने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद व्हावेत, मुलांनी पुस्तके काढावीत आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंतचा दीड तास अभ्यासाचा मानावा, असा हा उपक्रम. एका खेड्याने एवढा विचार करावा, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु पडदा विझल्यावर मुले ज्या दिव्याखाली बसतात, त्या दिव्याविषयीही आता अनेकांच्या मनात शंका असते. विजेची बचत करणारा हा पांढरा दिवा डोळ्यांना बाधतो, झोप उडवतो, त्यात विष असते, इतकेच नव्हे तर त्याने कर्करोगही होतो, असे नाना प्रवाद कानी पडतात. त्यांत तथ्य किती आणि भीती किती, हे एकदा पारखून घेणे आवश्यक आहे.

हे दिवे आले ते उगीच नव्हे. सातारा जिल्ह्यात कोयनेचे पाणी अडवून सुमारे १९६० मेगावॉट क्षमतेची वीजकेंद्रे उभी राहिली. त्यापायी गावे उठली, शेते बुडाली. इतक्या मोलाने मिळालेल्या विजेचा बहुतेक भाग तारेच्या जुन्या बल्बात नुसत्या उष्णतेत वाया जात असे. साठ वॉटच्या त्या बल्बाचे काम आज सुमारे नऊ वॉटचा एलईडी दिवा करतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे स्वस्त दरात दिले गेले. रॉकेलच्या चिमणीखाली, धूर गिळत आणि भडक्याची धास्ती बाळगत ज्यांनी अभ्यास केला, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

गोंधळ होतो तो दोन निरनिराळ्या दिव्यांना एकच समजल्यामुळे. ट्यूबलाइट आणि वळणदार नळीचा सीएफएल ही एका जातीची भावंडे. त्यांच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. ‘विष’ म्हणतात ते हेच. एलईडीमध्ये पारा नसतो. सीएफएलमधील पाराही साधारणतः पाच मिलिग्रॅमच्या आतबाहेर. ताप पाहण्याच्या जुन्या काचेच्या नळीत तो याच्या शंभरपट किंवा त्याहून अधिक असे. दिवा शाबूत आहे तोवर तो पारा खोलीत येत नाही. फुटला तर घाबरून जाण्याचे कारण नाही, पण हलगर्जीपणाही उपयोगाचा नाही. खिडक्या उघडाव्यात, मुलांना बाहेर न्यावे, दहा-पंधरा मिनिटे खोली मोकळी ठेवावी. केरसुणी मुळीच फिरवू नये, कारण तिने पारा पसरतो. तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे. उघड्या नळीच्या सीएफएलमधून थोडे अतिनील किरणही बाहेर पडतात. त्यासाठी ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेने २००८ मध्ये सल्ला दिला होता, की अशा दिव्याच्या ३० सेंटिमीटरहून जवळ दिवसाकाठी तासाहून अधिक काळ बसू नये. हा सल्ला टेबलावरच्या दिव्यासाठी आहे. छताच्या दिव्याने धास्तावण्याचे कारण नाही.

एलईडीविषयीची शंका निळ्या प्रकाशाची आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की निळसर प्रकाश पडताच त्या मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती मंदावते. मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक नितळ असल्याने त्यांच्यात हा परिणाम अधिक. म्हणून रात्री झोपण्याच्या खोलीत ६५०० केल्व्हिनचा शुभ्र दिवा नसावा. खोक्यावर २७०० ते ३००० केल्व्हिन असा आकडा असलेला पिवळसर दिवा बरा. हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. ते नजरेस दिसत नाही, पण काहींचे डोके त्याने दुखते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास अशा दिव्याभोवती सरकते पट्टे दिसतात, तो बदलावा. याउपर भीतीचे कारण उरत नाही. नेहमीच्या वापरातील एलईडी दिव्यांमुळे निरोगी माणसाच्या प्रकृतीला थेट अपाय होतो असा पुरावा नाही, असा निर्वाळा युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये दिला. मुलांना लवकर चष्मा लागतो त्याचे कारण दिव्यात शोधण्यापेक्षा ती दिवसा किती वेळ अंगणात खेळतात, हे पाहणे अधिक श्रेयस्कर.

तेव्हा खरा धोका आहे कोठे? तो घरातील पेटत्या दिव्यात नसून उकिरड्यावरील विझलेल्या दिव्यात आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या रस्त्यांवर भिजलेल्या संसारांचे ढीग लागले होते. तशा ढिगात फुटलेल्या नळीकडे कोण पाहणार? पण पारा नाहीसा होत नाही. पाण्यात जिवाणूंमुळे त्याचे रूप बदलते, तो माशांत साठतो आणि माशांतून माणसात येतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला भयंकर रोग असाच, कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने झाला होता. त्याच गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि ट्यूबलाइटचे उत्पादन व व्यापार २०२७ अखेरपर्यंत थांबवण्याचे २०२३ मध्ये त्या करारान्वये ठरले.

याचा अर्थ असा, की येत्या काही वर्षांत शाळांच्या वर्गांतून आणि कचेऱ्यांच्या दालनांतून ट्यूबलाइटच्या रांगाच्या रांगा खाली उतरणार आहेत. एका नळीतील पारा क्षुल्लक. हजारो नळ्यांतील नव्हे. २०१६ च्या नियमांपासून अशा दिव्यांची गणना ई-कचऱ्यात होते आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत केंद्रातच होणे अपेक्षित आहे. नियम कागदावर आहे. तो पाळणारा हात मात्र बहुधा शिपायाचा, आणि त्यापुढे उघड्या हातांनी काच वेचणाऱ्या स्त्रीचा असतो. दिव्याच्या अपायाची चर्चा करणाऱ्या सुशिक्षितांच्या मनात या स्त्रीचा विचार क्वचितच येतो.

वास्तविक उपाय अवघड नाही. प्रत्येक शाळेत व कचेरीत जुन्या नळ्या अखंड ठेवण्यासाठी एक खोके असावे. नवे दिवे घेताना जुने परत नेण्याची अट पुरवठादारास घालावी. नगरपालिकांनी त्यांच्या संकलनाचा दिवस ठरवून द्यावा. मुख्याध्यापक आणि मुख्य लिपिक यांनी मनावर घेतले, तर एवढ्यासाठी वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. वडगावचा भोंगा तरी कोणत्या आदेशाने वाजू लागला होता?