कर्जाआधी कागदपत्रे : कॉलेजच्या फीचा हिशेब

मुलगा बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचे म्हणतो तेव्हा घरात पहिली चर्चा होते ती कर्जाची. बँक किती देईल, दागिने मोडावे लागतील काय, नात्यात कोण हात देईल. मुळात फीच किती कमी होऊ शकते, हे विचारायचे मात्र राहून जाते. माल घेताना आपण आधी भाव ठरवतो, मग उधारीचे बोलतो. येथेही क्रम तोच हवा.

कर्ज किती महाग पडते ते पाहा. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी सुरुवातीला एक लाख, असे चार लाख उचलले. व्याज सरळ, द.सा.द.शे. १०. शिक्षण संपल्यावर वर्षभराची सवलत मिळते, पण पहिला हप्ता सुरू होईपर्यंत १ लाख ४० हजार रुपये व्याज चढलेले असते. ज्या घरांना व्याजाचा व्यवहारच नको, त्यांना तर फी कमी करण्याची वाट आधी शोधावीच लागते.

महाराष्ट्रात ती वाट आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. ओबीसी मुलालाही निम्मे मिळते. ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींना तर २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले लागते.

अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांतही ती मिळत नाही. नाव मोठे म्हणून कोट्याची जागा घेणाऱ्या बापाने हा फरक आधी कागदावर मांडून पाहावा.

खरी अडचण आहे जातीच्या दाखल्याची. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. परंतु दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात आणि आपल्याकडे शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिण्याची रीत होती. अशा वेळी वडिलांच्या दाखल्यावर अडून बसू नये. आजोबा, चुलत आजोबा, आत्या, जो कोणी जुन्या प्राथमिक शाळेत गेला असेल त्याचा प्रवेश निर्गम उतारा काढावा. कोणाच्या तरी नावापुढे ‘बागवान’ किंवा ‘पिंजारी’ असे लिहिलेले सापडते. जवळच्या रक्ताच्या नातलगाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि वैधता या तिन्हींना वेळ लागतो. निकालानंतर धावपळ करणाऱ्याची फेरी हमखास हुकते. दहावी झाली की कामाला लागावे.

एवढे करून वसतिगृह, मेस, पुस्तके उरतातच. त्यासाठी कर्ज घ्यावेच लागले तर बँकेआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. तेथील शैक्षणिक कर्जाचा दर ३ टक्के आहे. जामीनदार मात्र लागतो, तेव्हा तो कोण राहणार हे घरात आधीच ठरवून जावे.