करप्याच्या बुरशीलाही आजार होतो

भाताच्या पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी ठिपका दिसला की आमच्या पेणकडचा कुठलाही शेतकरी सांगेल, करपा आलाय. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवते. दर पावसाळ्यात अशी पानं माझ्या टेबलावर येतात. पान ओल्या टीपकागदावर काचेच्या बशीत झाकून ठेवलं की दुसऱ्या दिवशी ठिपक्यावर राखाडी लव धरते. ती जरा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुडाशी फुगीर, टोकाला निमुळते, तीन कप्प्यांचे बीजाणू दिसतात.

हा बीजाणू पानावर पडला आणि दवाचा ओलावा मिळाला की रुजतो आणि एक बारीक काळपट घुमट तयार करतो. त्या घुमटात पाणी ओढून तो हवेच्या दाबाच्या जवळपास ८० पट दाब साठवतो आणि त्या जोरावर पानाची साल फोडून आत शिरतो. भात निसवताना हीच बुरशी लोंबीच्या मानेवर आली की मानमोडी होते. तेव्हा पोचट लोंब्यांशिवाय हाती काही लागत नाही. ट्रायसायक्लॅझोल हे नेहमीचं औषध त्या घुमटाचा काळा रंगच बनू देत नाही, मग दाब टिकत नाही. औषध चांगलं आहे, पण आमच्याकडे फवारणी झाली आणि तासाभरात सर कोसळली, तर पैसे आणि मेहनत दोन्ही वाहून जातात. म्हणूनच या बुरशीला आतून पोखरणाऱ्या गोष्टीकडे माझं लक्ष लागलं आहे.

ती गोष्ट म्हणजे बुरशीचा विषाणू. व्हिएतनाममध्ये मिळालेल्या करप्याच्या एका बुरशीत टोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना असा विषाणू सापडला. २०१०मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याची जनुकं दुपदरी आरएनएची आहेत. तो अंगात असलेली बुरशी मंद आणि वेडीवाकडी वाढते, तिचा रंगही बिघडतो. विषाणूचं एक प्रथिन नुसत्या यीस्टमध्ये बनवलं, तर यीस्टचीही वाढ खुंटली. पुढे असंही दिसलं की आजारी बुरशी भातावर कमी रोग पाडते. मात्र कोणत्या वाणावर रोग पडेल आणि कोणत्यावर नाही, हेही विषाणूमुळे बदलतं. शेतात सोडण्याआधी याची कसून तपासणी झालीच पाहिजे.

असा उपाय शेतात चालतो का? युरोपात चेस्टनटच्या झाडांवर चाललाय. तिथे एक बुरशी खोडाला जखमा पाडून झाड मारते. १९५०च्या सुमारास इटलीत अशा जखमा आपोआप भरून येताना दिसल्या. फ्रान्सच्या झाँ ग्राँत यांनी तिथली दुबळी बुरशी वेगळी काढली आणि पुढे ती मुद्दाम झाडांच्या जखमांवर लावायला सुरुवात झाली. दुबळेपणामागे विषाणू आहे, हे नंतर उलगडलं. अमेरिकेत मात्र याच उपायाचा फारसा उपयोग झाला नाही.

कारण बुरशीचे विषाणू सहसा बाहेरून लागत नाहीत. ते बीजाणूंतून पुढच्या पिढीत जातात, किंवा दोन बुरश्यांचे तंतू एकमेकांत मिसळले तर पसरतात. न जुळणाऱ्या जातकुळीचे तंतू भेटले की तिथल्या पेशी मरतात आणि विषाणूची वाट बंद होते. अमेरिकेतल्या बुरशीत अशा जातकुळ्या फार होत्या. म्हणून त्या व्हिएतनामी नमुन्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: विषाणूचे कण पेशीबाहेर, बुरशी वाढवलेल्या द्रावणातही सापडले. तंतू न जुळताही लागण करता आली, तर मोठी अडचण दूर होईल.

आपल्या खाचरांतही असे विषाणू शोधायला हवेत. प्रयोगशाळेत एखादी बुरशी बशीत नीट वाढली नाही की ‘कल्चर खराब झालं’ म्हणून फेकून देण्याची पद्धत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते करू देत नाही. वारंवार एका बशीतून दुसऱ्या बशीत नेल्यानेही बुरशी मंदावते, आणि बहुतेकदा कारण तेच असतं. तरीही अशी प्रत्येक बशी बाजूला ठेवायची, तिच्यावर गाव आणि भाताचं वाण लिहायचं आणि दुपदरी आरएनएची तपासणी झाल्यावरच तिचं काय करायचं ते ठरवायचं.