लाकडाचा ठोकळा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, मॅनहॅटन बीच नावाचे एक समुद्रकाठचे गाव आहे. 1953 सालची गोष्ट. तेथील दहा वर्षांच्या एका मुलाला एका शर्यतीत भाग घ्यावयाचा होता. त्या काळी या शर्यतीचे अमेरिकेतील मुलांना मोठे वेड होते. मुलांनी इंजिन नसलेली गाडी स्वतः बनवावयाची, तिच्यात बसावयाचे आणि उतारावरून वेगाने खाली येऊन शेवटची रेषा गाठावयाची, असा तो खेळ होता. आरंभी अशा गाड्या साबणाच्या रिकाम्या खोक्यांपासून करीत. म्हणून तिला 'साबणाच्या खोक्यांची शर्यत' असे गमतीचे नाव पडले. परंतु तीत बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नव्हता.

मुलाचे वडील डॉन मर्फी हे विमाने तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करीत. त्याचबरोबर ते गावातील छोट्या बालवीरांच्या एका पथकाचे नायकही होते. आणखी दोन वर्षे थांब, असे मुलाला सांगून ते मोकळे झाले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण पथकातील सारीच मुले बारा वर्षांखालील होती. त्यांच्या वयाला साजेल असा एखादा खेळ आपणच का काढू नये, असा विचार मर्फी यांनी केला. मोठ्या गाडीत बसावयास मुले लहान पडत होती. तेव्हा त्यांनी गाडीच लहान करावयाचे ठरविले!

प्रत्येक मुलाला त्यांनी पाइनच्या मऊ लाकडाचा एक ठोकळा आणि चार चाके दिली. ठोकळा कोरून, घासून, रंगवून मुलाने आपल्या आईवडिलांच्या मदतीने तळहाताएवढी मोटार तयार करावयाची होती. शर्यतीसाठी 31 फूट लांबीची उतरती लाकडी वाट बांधण्यात आली. कोणती मोटार आधी पोहोचली हे कळावे म्हणून दारावरील विजेच्या घंटीचे भाग आणि बॅटरी यांची शेवटच्या रेषेवर जोडणी केली. 15 मे 1953 रोजी ही पहिली शर्यत झाली. तीत 55 मुलांनी भाग घेतला. पुढे दोन-तीन वर्षांतच हा खेळ सबंध अमेरिकेत पसरला आणि आजही तेथील गावोगावी तो मोठ्या उत्साहाने खेळला जातो.

बालवीर चळवळीचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला. 1907 साली रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. पुढच्याच वर्षी त्याने मुलांसाठी या विषयावर पुस्तक लिहिले. ते वाचून ठिकठिकाणची मुले आपण होऊन आपले गट करू लागली. पण गट केला, तरी मार्ग दाखविणारे कोणी तरी वडीलधारे माणूस हवेच. अशा माणसाचा शोध ही मुले स्वतःच करीत. म्हणजे नायकाची गरज या चळवळीला अगदी पहिल्या दिवसापासून होती.

याहून लहान मुलांसाठी 1916 साली इंग्लंडमध्ये 'कब' म्हणजे लांडग्याचे बच्चे हा विभाग निघाला. रडयार्ड किपलिंग या लेखकाच्या 'जंगल बुक' या पुस्तकातील लांडग्यांच्या कळपावरून ही कल्पना घेतली होती. म्हणूनच कबांच्या नायकाला 'अकेला' असे म्हणतात. हा शब्द हिंदी असल्याचे पाहून नवल वाटावयाचे कारण नाही. किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईतच झाला होता.

अमेरिकेत कबांचे काम 1930 साली सुरू झाले. भारतात बालवीरांची पथके बहुधा शाळांना जोडलेली असतात आणि शिक्षक ती चालवितात. अमेरिकेतील कबांची पथके मात्र मुख्यतः पालकांच्या बळावर चालतात. पथकाला तेथे 'पॅक' म्हणजे कळप म्हणतात. त्यात सहा ते आठ मुलांचे लहान गट असतात; अशा गटाचे नाव 'डेन' म्हणजे गुहा. प्रत्येक गुहेचा एक नायक असतो आणि तो बहुधा त्या गटातील एखाद्या मुलाची आई किंवा वडील असतो. कोणी पैशांचा हिशेब ठेवतो, कोणी सहलीची व्यवस्था पाहतो, कोणी मुलांनी मिळविलेल्या पदकांची नोंद करतो. दिवसभर नोकरी करून आलेली ही माणसे संध्याकाळी मुलांना गाठी मारावयास, तंबू ठोकावयास, नकाशा वाचावयास शिकवितात. या कामाचे वेतन मिळत नाही. कित्येकांना आरंभी गाठ मारताही येत नाही. ती ते आधी स्वतः शिकतात आणि मग मुलांना शिकवितात.

गुहा सांभाळण्याचे काम कित्येक वर्षे प्रामुख्याने मातांनीच केले. असे असूनही मोठ्या बालवीरांच्या पथकाचे नायक होण्याचा अधिकार अमेरिकेतील स्त्रियांना 1988 साली मिळाला. मुलींना कब होता येऊ लागले ते 2018 साली.

नायक होण्यास इच्छा पुरेशी नाही. जबाबदारीही ओळखावी लागते. मुलांच्या सुरक्षिततेचे शिक्षण प्रत्येक नायकास घ्यावे लागते. प्रत्येक सभेत व सहलीत किमान दोन वडीलधारी माणसे हजर असलीच पाहिजेत, असा तेथील नियम आहे. त्यामुळे एका पालकाने पुढे येऊन भागत नाही. दुसरा कोणी तयार झाला नाही, तर सहल रद्द होते आणि नायकच मिळाला नाही, तर गट मोडतो. आपल्या मुलाने बालवीर व्हावे असे अनेकांना वाटते. पण काम कोण करणार, या प्रश्नाला 'मी' असे उत्तर देणारी माणसे थोडीच असतात. पथकाचे भवितव्य त्या थोड्यांच्या हाती असते.

मदत किती करावी, हाही एक प्रश्नच आहे. लाकडी मोटारींच्या शर्यतीत तो स्पष्ट दिसून येतो. वडील हौशी असले की ठोकळा तेच कोरतात, चाके तेच घासतात आणि वजनही तेच नेमके साधतात. मुलाकडे केवळ रंग देण्याचे काम उरते. अशी मोटार कदाचित पहिली येईल. पण ती मुलाची म्हणता येणार नाही. यावर काही पथकांनी एक मौजेचा उपाय शोधला आहे. ती मोठ्यांसाठी वेगळी शर्यत ठेवतात! आपली हौस वडिलांनी आपल्या मोटारीवर भागवावी आणि मुलाची मोटार मुलाच्या हाती सोडावी, हा त्यामागील हेतू.

आपल्याकडून होईल तितके उत्तम करावे, हे कबांचे ब्रीद आहे. चांगला नायक करवत कशी धरावी हे दाखवितो, बोटे सांभाळावयास सांगतो आणि नंतर करवत मुलाच्या हाती देतो. मुलाने केलेल्या मोटारीचे एखादे चाक जरा वाकडे बसते. उतारावरून ती डगमगत येते आणि कधी सर्वांत मागे राहते. तरीही ती घरी नेताना मुलगा ती दोन्ही हातांत जपून धरतो, कारण ती त्याने स्वतः केलेली असते.