जुनी मोटार ‘पाणी पिते’ म्हणजे काय?

जुन्या मोटारीने थोडे पाणी प्यायचेच, असे मानून रेडिएटरमध्ये दर आठवड्याला बाटलीभर पाणी ओतण्याची सवय सर्वत्र दिसते. परंतु इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते आणि तिच्यातील पातळी वारंवार खाली जात असेल, तर तो वयाचा परिणाम नसून कोठेतरी गळती आहे. रबरी नळ्यांच्या क्लिपांपाशी किंवा पाण्याच्या पंपाखाली वाळलेला हिरवट वा गुलाबी थर दिसला, की ती जागा बहुधा सापडतेच. बाहेर सर्व कोरडे असूनही पातळी उतरत असेल आणि इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांमधील सांधा, फुटल्याची शक्यता मोठी असते, आणि अशी गाडी मुळीच चालवू नये.

कूलंट केवळ बर्फाळ प्रदेशासाठी असते, ही समजूतही अपुरी आहे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते आणि उत्कलनबिंदू वर नेते हे खरे. मात्र उष्ण हवेत अधिक मोलाची असतात ती त्यातील गंजरोधक द्रव्ये, कारण ॲल्युमिनियम, लोखंड यांसारखे भिन्न धातू एकाच पाण्यात भिजत राहिले की झीज वाढते. बोअरच्या पाण्यातील क्षार तर गिझरच्या कॉइलवर बसावेत तसे रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतात. म्हणून सामान्यतः कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे. नुसते कूलंट भरल्याने थंडावा वाढत नाही, उलट घटतो. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्वांत हानिकारक म्हणावा लागेल. मेणाच्या प्रसरणाने साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला उघडणारी ही झडप नसेल, तर इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. ती खराब आहे का, हे घरीही तपासता येते: स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात, पाण्यात तिला दोऱ्याने टांगून पाणी तापवावे, उकळी फुटण्याआधी तिची चकती हळूहळू वर उचलली जाताना दिसते, आणि उकळत्या पाण्यातही ती मिटलेलीच राहिली तर नवी बसवावी.

काटा मध्यावर असला की चिंता नाही, हेही नेहमी खरे नसते, कारण तापमापक संवेदक द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो, आणि कूलंट संपल्यावर काटा चक्क खाली येऊ शकतो. गाडी केवळ सिग्नलला तापत असेल तर आधी फॅनचा फ्यूज आणि रिले पाहावा. वेगात किंवा घाटात तापत असेल तर रेडिएटर चोंदल्याचा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नये, कारण दाबाखालचे शंभर अंशांवरचे पाणी दाब सुटताच वाफ होऊन उसळते. वरची नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये: ते गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.