संशयाचे नेपथ्य
शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ १६०४ साली लंडनच्या राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरूनच मराठीत ‘झुंझारराव’ रचले. पराक्रमी मूर सेनापती, त्याची निरपराध पत्नी डेस्डेमोना आणि कान भरणारा इयागो. एका रुमालावरून घर उद्ध्वस्त होते, अशी ही शोकांतिका.

नेपथ्यकला शिकणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने या नाटकाच्या रंगमंचाची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. प्रमाण १:२५, म्हणजे अडीच मीटरची भिंत इथे दहा सेंटिमीटरची.

पहिला अंक व्हेनिसमध्ये, पुढचे सारे सायप्रस बेटावर. तिने वेगळे देखावे केले नाहीत. एकच खोली आणि तिला लाकडी जाळीच्या सरकत्या भिंती. इयागोचे विष जसजसे भिनते, तसतशा भिंती जवळ येतात. शेवटी उरतो पलंग आणि एक दिवा. सारा रंगमंच मातकट ठेवला आहे. लाल रंग फक्त रुमालावरच्या स्ट्रॉबेरींना. मागच्या रांगेलाही तो दिसला पाहिजे.

चौथ्या अंकात इयागो ऑथेल्लोला आडोशाला उभा करतो आणि कॅशिओशी बोलतो. कॅशिओ हसतो आहे दुसऱ्याच एका बाईच्या विषयावर. ऑथेल्लोला हसणे दिसते, बोलणे नीट कळत नाही. तो समजतो, विषय आपल्या बायकोचा. इथे तिने त्याला जाळीमागे उभे केले आहे. प्रेक्षकांना दोन्ही बाजू दिसतात, त्याला एकच.

“मुलीच्या जातीला नाटकाचे शिक्षण कशाला?” हा तिच्या अम्मींचा जुना सवाल. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२पासून पंधरा वर्षे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते, हे सांगूनही त्यांचे समाधान झाले नव्हते. प्रतिकृती पाहून मात्र त्यांनी विचारले, “यानं बायकोला सरळ विचारलं का नाही?”

“विचारतो, अम्मी. पण निकाल आधीच लावून.”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “हे आपल्याकडच्या लोकांनी पाहायला हवं.”

कोणी खबर आणली तर खातरजमा करा, बदगुमानीपासून दूर राहा, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण मुलांना पाठ करवतो. आज कोणाच्या तरी मोबाईलमधला अर्धा संवाद पुढे पाठवला जातो आणि नांदत्या घरात तलाकची भाषा सुरू होते. जाळीपलीकडे जाऊन पूर्ण बोलणे ऐकायला किती वेळ लागतो? ऑथेल्लोला सत्य कळते, तेव्हा डेस्डेमोना त्या पलंगावर मरून पडलेली असते.