गाळाखालचे कमळ

लक्ष्मीपूजनासाठी कमळ आणायचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. मराठीच्या प्राध्यापकाला कमळ कळलेच पाहिजे, अशी सौभाग्यवतींची समजूत! गेल्या दिवाळीत मी मोठ्या ऐटीने फूल आणून चौरंगावर ठेवले. शेजारचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक प्रसादाला आले, फुलाकडे पाहून हळूच म्हणाले, "फूल सुरेख आहे हो, पण हे कमळ नव्हे, ही कुमुदिनी."

अठरा वर्षे वर्गात 'पंकज' शब्दाचा विग्रह करून दाखवणारा मी! खजील होऊन त्यांनाच गुरू केले.

खूण अगदी सोपी आहे. कुमुदिनीचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचे पान अखंड गोल. देठ त्याच्या मधोमध आणि बहुतेक पाने छत्रीसारखी पाण्याच्या वर उभी. फुलाच्या मध्यभागी चाळणीसारखा गड्डा दिसला की ते कमळ. त्याच गड्ड्यात पुढे कमळगट्टे तयार होतात. श्रीलंकेचे आणि बांगलादेशाचे राष्ट्रीय फूल कुमुदिनीच्या कुळातले. आपले मात्र कमळ! गंमत म्हणजे या दोघींचे जवळचे नातेच नाही. कमळाचे खरे भाऊबंद शोधू गेले तर त्यांत काश्मीरचा चिनार निघतो!

संथ, उथळ पाणी, तळाशी मऊ चिखल आणि माथ्यावर भरपूर ऊन एवढे मिळाले की कमळ सुखी. आपल्याकडे पावसाळ्यापासून शरदापर्यंत त्याचा बहर. थंडीत पाने वाळतात आणि कंद चिखलात निजून राहतो. एका फुलाचे आयुष्य जेमतेम तीन-चार दिवसांचे. सकाळी उमलायचे, दिवस कलण्याआधी मिटू लागायचे. मिटल्या कमळात भुंगा अडकतो, ही कविकल्पना म्हणून मी शिकवीत आलो. पण कमळ खरोखरच भुंगेऱ्यांना रात्रभर आत ठेवून घेते आणि त्यांच्याकडून परागीकरणाचे काम साधते. शिवाय पाहुण्यांना ऊबही देते! बाहेर १० अंशांचा गारठा असला तरी फुलाच्या आत ३० ते ३६ अंश उष्णता टिकते, हे १९९६ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या वनस्पतिउद्यानातल्या संशोधनातून प्रसिद्ध झाले.

हे सारे ऐकत असतानाच कोकणातून मामांचे पत्र आले. आजोळी देवळापुढे एक तळे आहे. लहानपणी श्रावणात आम्ही त्याच्या काठावर बसून कमळे मोजीत असू. हळूहळू ते गाळाने भरले, कमळे गेली, शेवाळ उरले. मामांनी लिहिले होते, "गावाचे म्हणणे, तळे बुजवून सभामंडप बांधावा. तू शिकलेला. तुझे काय मत?"

पत्र घेऊन मी गुरूंकडे गेलो. त्यांनी काश्मीरच्या वूलर सरोवराची हकिकत सांगितली. तिथे कमळाचे कंद, म्हणजे नदरू, काढून कित्येक कुटुंबे पोट भरीत. सप्टेंबर १९९२ च्या महापुराने इतका गाळ आणून टाकला की कमळे दिसेनाशी झाली. लोकांनी आशा सोडली. अलीकडे तिथला गाळ उपसण्यात आला आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, तेहतीस वर्षांनी, वूलरवर पुन्हा गुलाबी फुले डोलली!

कमळाच्या बीचे कवच विलक्षण कठीण असते. जपानात चिबाजवळ १९५१ साली डॉ. इचिरो ओगा यांना जमिनीत खोल गाडलेल्या बिया सापडल्या. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. त्यांतल्या एकीला अंकुर फुटला आणि १९५२ च्या जुलैत फूल आले.

मी मामांना उलटटपाली लिहिले, "मंडप दुसरीकडे बांधता येईल. तळे दुसरे मिळणार नाही. बुजवू नका, उपसा." सोबत पहिल्या दिवसाच्या मजुरीचे पैसे धाडले.

या वैशाखात गाळ निघाला. श्रावणात पाणी भरले. फूल आले नाही. पण भाद्रपदात मामांचे दोन ओळींचे कार्ड आले: "तीन पाने वर आली आहेत. गोल आहेत, चीर नाही."

यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे झेंडूच आहे. सौभाग्यवतींची तक्रार नाही.